सीलबंद फ्लॅटमधला दिवा

आमच्या शेजारच्या ट्रेझा आँटी वारल्यानंतरही आपल्याच फ्लॅटमध्ये राहत होत्या. सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने मला त्यावर कारवाई करणं भाग होतं, पण उपविधी दोनदा वाचूनही त्यासाठी कलम सापडत नव्हतं.

मी मूळचा मीरा रोडचा नव्हे. गिरगावची खोली विकून आई-बाबा इथे बेव्हर्ली पार्कजवळ राहायला आले, तेव्हा मी नाशिकला नोकरीत होतो. निवृत्त झालो, बाबा गेले, आणि मी बायकोला घेऊन आईकडे राहायला आलो. ज्याला भरपूर वेळ आहे आणि ज्याचा आवाज मोठा आहे, त्याला सोसायटीत सेक्रेटरी करतात. (मी नको नको म्हणत होतो. पण फार हळू म्हणत होतो.)

पद मिळाल्यावर मी अनधिकृत बदलांविरुद्ध मोहीम उघडली. कुणी बाल्कनी बंद केली, दे नोटीस! कुणी भिंत सरकवली, दे नोटीस! बिल्डरने मंजूर नकाशात दाखवलेली भिंत आहे तशीच असली पाहिजे, नसेल तर सभासदाने पंधरा दिवसांत ती पूर्ववत करावी, असा ठरावच मी सर्वसाधारण सभेत पास करून घेतला. तेव्हापासून मी जिना चढताना दिसलो की लोक लिफ्टने जायचे आणि मी लिफ्टमध्ये शिरलो की जिन्याने.

मला न घाबरणारी एकच बाई होती, ती म्हणजे ट्रेझा आँटी. मूळच्या उत्तनच्या. आमचं घर ३०३, त्यांचं ३०४, मधे एक भिंत. त्यांची आणि आईची मैत्री अशी, की त्यांच्याकडे फुगे, म्हणजे मैद्याचे गोल वडे, तळले की आमच्या टेबलावर ते वाफाळतेच यायचे. आणून कोण देतं, याची चौकशी मी कधी केली नाही, कारण खाताना मी चौकशी करत नाही. मी साठी ओलांडलेला माणूस, पण कमिटीच्या देखत त्या मला विचारायच्या, "काय रं बाल्या, जेवलास का न्हाय?" बाळ्या हे माझं घरातलं नाव. जगात मला या नावाने हाक मारणाऱ्या दोनच बायका उरल्या होत्या, आई आणि ट्रेझा आँटी.

गेल्या वर्षी आँटी गेल्या, आणि त्यांच्या फ्लॅटवरून भांडण सुरू झालं. मुलगी मर्लिन मस्कतला. पण सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून नाव होतं भाच्याचं, उत्तनच्या ऑल्विनचं.

ऑल्विन म्हणाला, "अंकल, नॉमिनेशन माझं, म्हणजे फ्लॅट माझा."

मर्लिन फोनवर म्हणाली, "अंकल, मुलगी मी, म्हणजे फ्लॅट माझा."

मी दोघांनाही समजावलं की नॉमिनी हा फक्त सांभाळणारा असतो, मालकी वारसांची, आणि वारस कोण हे ठरवायचं काम सोसायटीचं नव्हे, कोर्टाचं. हे ऐकून दोघांनीही माझ्याशी बोलणं टाकलं. संपूर्ण वादात त्यांचं एकमत झालेला हा एवढाच मुद्दा.

"त्याला किल्ली देऊ नका," मर्लिनने ईमेल केला. "तिच्या माणसांना आत घेऊ नका," ऑल्विनने अर्ज दिला. मग मी ३०४ ला सोसायटीचं कुलूप ठोकलं, त्यावर कागदाची पट्टी चिकटवली, पट्टीवर लाख, लाखेवर शिक्का, शिक्क्याशेजारी माझी सही. किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला. मजल्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. (या थाटात आतला मेन स्विच बंद करायचा राहून गेला.)

त्यानंतरच्या आठवड्यात एका संध्याकाळी समोरच्या ३०१ मधल्या जिग्नेशभाईंनी आमची बेल वाजवली. चेहरा पांढरा पडलेला.

"सेक्रेटरीसाहेब, जरा बाहेर आवो ने."

बाहेर दिवेलागणीचा अंधार. पॅसेजचा बल्ब अजून लागला नव्हता. जिग्नेशभाईंनी ३०४ च्या दाराकडे बोट केलं. दाराला बाहेरचा माणूस बघायचं ते बारकं भिंग असतं ना, ते लाल झालं होतं. काळ्या दारात एकच लाल डोळा, आमच्याकडे रोखलेला. दाराखालच्या फटीतूनही लालसर उजेड सांडत होता. कुलूप जागच्या जागी. लाख शाबूत. माझी सही शाबूत.

थोड्या वेळाने डोळा मिटला.

"गाडीचा उजेड असेल खालून," मी म्हणालो.

"तिसऱ्या माळ्यावर?" जिग्नेशभाईंनी विचारलं आणि घरात जाऊन आतून तिन्ही कड्या लावल्या.

दुसऱ्या संध्याकाळी चेअरमन मिश्राजीही आले. दिवेलागणीला भिंग पुन्हा लाल झालं. पाठोपाठ दाराच्या फटीतून धुपाचा वास आला आणि आत, अगदी हलकी, घंटा वाजली.

"आँटी तो क्रिश्चन हता ने?" जिग्नेशभाई कुजबुजले. "ए घंटडी कैसे वगाडे?"

"ऊपर जाके सब एक हो जाते हैं," मिश्राजी हात जोडून म्हणाले.

राष्ट्रीय एकात्मतेचा इतका भीतिदायक पुरावा मी आयुष्यात पाहिला नव्हता!

तिसऱ्या दिवशी आवाज आला. बाईचा, खोल, रिकाम्या घरात घुमणारा. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगत होतं आणि मधेमधे उत्तराची वाट बघत थांबत होतं. ते थांबणंच जास्त वाईट होतं. सेक्रेटरी म्हणून मला दाराला कान लावावा लागला. (मागून मिश्राजींनी माझं डोकं दाबून धरलं होतं.) लाकूड थंडगार होतं. आणि मग मला एक वाक्य स्वच्छ ऐकू आलं.

"बाळ्याचं काही खरं नाही गं आता."

त्या फ्लॅटमध्ये माझं नाव ठाऊक असलेली बाई एकच होती, आणि तिच्या मातीला मी स्वतः उत्तनला जाऊन आलो होतो.

"क्या बोली?" मिश्राजींनी विचारलं.

"मेंटेनन्सबद्दल काहीतरी," मी म्हणालो.

हे सगळं मी आईपासून लपवून ठेवलं. पंच्याऐंशी ओलांडलेली बाई, कानाने कमी ऐकणारी, जिवाभावाची मैत्रीण गेल्याने आधीच मिटून बसलेली. तिला हे कळलं असतं तर तिने हाय खाल्ली असती. सुनीताला, म्हणजे माझ्या बायकोला, मी बजावलं, "आईसमोर ३०४ चा विषय काढायचा नाही. गोपनीय आहे." सुनीता संध्याकाळी पलीकडच्या इमारतीत शिकवण्या घ्यायला जाते, त्यामुळे तिला यातलं काही दिसायचं नाही. मी रोज दिवेलागणीच्या आधी आईला टीव्ही मोठ्याने लावून द्यायचो, आमचं दार बाहेरून ओढून घ्यायचो आणि ३०४ समोर पहाऱ्याला उभा राहायचो. आईला त्रास नको म्हणून स्टूलसुद्धा जिग्नेशभाईंकडून घेतलं होतं.

सोसायटीची तातडीची सभा झाली. मिश्राजींनी सोसायटीच्या खर्चाने हनुमान चालीसाचा पाठ ठेवायचा प्रस्ताव मांडला. जिग्नेशभाई म्हणाले, खर्च करायचा तर फक्त तिसऱ्या माळ्यावर आकारा, भूत लिफ्ट वापरत नाही. मग वाद निघाला की मयत सभासदाचं सदस्यत्व शेअर्स ट्रान्सफर होईपर्यंत चालू असतं की नाही. चालू असेल तर आँटींना त्यांच्याच घरात राहायला मज्जाव कोण करणार? कुणीतरी मागून ओरडलं, "तसं असेल तर कोरममध्ये त्यांना धरा!" सभा तहकूब झाली.

ही बातमी उत्तनला पोचायला किती वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी ऑल्विन दारात.

"भूतबित काय न्हाय अंकल. मर्लिनची माणसं तुम्ही आत ठेवलीत. किल्ली कोनाकडं हाय? तुमच्याकडं!"

त्याच संध्याकाळी मर्लिनचा फोन. "ऑल्विन आत राहतो, हो ना? तुम्ही त्याला किल्ली दिलीत!"

मी म्हणालो, आत कोणी नाही. दोघांनीही विचारलं, मग दिवा कोण लावतं? ऑल्विन सरळ कोर्टात गेला आणि दाव्यात मला नाव घालून प्रतिवादी केलं. कोर्टाने दावा निकाली निघेपर्यंत ३०४ मध्ये 'जैसे थे' स्थिती ठेवायचा हुकूम दिला, आणि पाहणीसाठी कमिशनर म्हणून एक वकीलबाई नेमल्या. फ्लॅटमध्ये माणूस सापडला, तर बेकायदा घुसवल्याचा गुन्हा माझ्यावर. आणि माणूस नाही सापडला, तर जे सापडेल त्याला तोंड द्यायचं तेही मीच. दोन्हीकडून माझंच मरण होतं. पाहणीच्या दिवशी सकाळपासून माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

वकीलबाई दुपारी येणार होत्या. दहिसर चेकनाक्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकल्या आणि पोचल्या नेमक्या दिवेलागणीला. सोबत एक हवालदार. पॅसेजमध्ये ऑल्विन, मिश्राजी, जिग्नेशभाई. मी आईचा टीव्ही लावून आलो होतो.

वकीलबाईंनी आधी माझं सील बघितलं.

"हे कुणी लावलं?"

"मी," मी छाती काढून म्हणालो.

"कुठल्या अधिकारात? सभासदाच्या फ्लॅटला सील ठोकायचा अधिकार सोसायटीला नसतो."

छाती आत गेली.

लाख फोडली, कुलूप काढलं, दार करकरलं. आत शिळी, कोंडलेली हवा. हवालदाराने टॉर्च मारला. फरशीवर एकसारखी धूळ, आणि त्या धुळीत एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. खुर्चीवर आँटींची चादर, तशीच. समोरच्या भिंतीवर लाकडी अल्तार, त्यात मदर मेरी, पायाशी वाळलेल्या फुलांचा हार आणि एक विझलेला बारका लाल बल्ब.

"बघा, कोणी नाही," मी म्हणालो.

खट्.

लाल बल्ब आपोआप लागला. मदर मेरीचा चेहरा लाल झाला, भिंत लाल झाली, आम्ही सगळे लाल झालो. हवालदाराच्या हातातला टॉर्च खाली पडून खुर्चीखाली गेला. जिग्नेशभाई मिश्राजींना बिलगले, मिश्राजी दाराला. स्वयंपाकघरातून धुपाचा वास आला. घंटा वाजली. आणि मग तोच आवाज, आता अगदी जवळून.

"ट्रेझा, ऐकतेस ना? बाळ्या सकाळपासून जेवला नाही गं."

"बाळ्या कोण?" वकीलबाईंनी विचारलं.

सगळ्यांनी मिळून मला पुढे ढकललं.

स्वयंपाकघराच्या अंधारात, ओट्याच्या वर, भिंतीत एक चौकोन उजळलेला होता. त्या चौकोनात एक पांढऱ्या केसांचं डोकं, खालून निरांजनाचा उजेड, आणि भिंतीतून बाहेर आलेला एक हात. हातात लाटणं. मी ओरडणार, एवढ्यात ते डोकंच माझ्याहून मोठ्याने ओरडलं.

"अगं बाई! बाळ्या! तू ट्रेझाकडे कसा गेलास रे?"

ती माझी आई होती.

पुढचा काही वेळ आम्ही मायलेक एकमेकांना भूत समजून किंचाळत होतो. शेवटी शिकवणीवरून आलेल्या सुनीताने पलीकडून आईला पाणी दिलं, आणि त्याच चौकोनातून एक भांडं मलाही दिलं.

"ही काय भानगड आहे?" मी विचारलं.

"अहो, ही खिडकी! बाबांनी आणि आँटींच्या मिस्टरांनी पाडून घेतलेली. वाट्या द्यायला-घ्यायला."

"ते फडताळ आहे! फ्रिजशेजारचं! कॅलेंडर लावलेलं!"

"फडताळातून गरम फुगे यायचे का? मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

रोज समोर असलेलं ते दार मी एकदाही उघडलं नव्हतं. पाण्याचा पेलासुद्धा हाक मारून मागवणाऱ्या माणसाने भिंतीतलं दार का उघडावं? सगळ्या इमारतीच्या भिंती मी नकाशाशी ताडून पाहिल्या होत्या, आमची सोडून.

अल्तारच्या दिव्याचं बटण आँटींच्या ओट्याजवळ, त्या खिडकीच्या अगदी शेजारी. आई रोज आपल्या देवाला दिवा लावायची, मग लाटण्याने पलीकडचं बटण दाबायची, मदर मेरीलाही निरांजन ओवाळायची, घंटा वाजवायची आणि आँटींना दिवसभराच्या बातम्या सांगायची. सगळं सांगून झालं की बटण बंद. कमी ऐकू येत असल्यामुळे ती बोलायची मोठ्याने. आणि मी टीव्ही लावून देत असल्यामुळे आणखी मोठ्याने! सख्ख्या आईचा आवाज ओळखता न येणारा सेक्रेटरी दाराबाहेर स्टुलावर बसून तिचं रक्षण करत होता.

हवालदाराने टॉर्च शोधून पंचनामा लिहायला घेतला. "ही खिडकी कुणाच्या घरातून?"

"सेक्रेटरी साहब के," मिश्राजी गोड आवाजात म्हणाले.

"सोसायटीची परवानगी?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे.

"मंग काय!" ऑल्विन गरजला. "दाराला सील आनि भिंतीतून वाट! आंटी, तुम्ही कोनाला इचारून आमच्या घरात हात घातलात?"

आई खिडकीतूनच त्याच्याकडे बघत राहिली. तिला सगळं ऐकू आलं नसावं, पण चेहरा कळला.

"ऑल्विन ना तू? ट्रेझा शेवटी हॉस्पिटलात होती, तेव्हा म्हणाली होती, माझ्या घरचं माणूस राहायला येईपर्यंत मेरीमातेचा दिवा चुकवू नको. तुम्ही कोणी आलाच नाहीत रे. मग मीच लावला. कुणाशी बोलायलाही नाही मला आता. हा बाळ्या तर संध्याकाळचा घरात थांबतच नाही."

सोसायटीतल्या एकूण एक माणसाची तक्रार मी ऐकून घेतली होती. हिचीच राहिली होती, आणि ती हिने केलीच नव्हती. ऑल्विनने खाली बघितलं. मग त्याने पायातले बूट काढले आणि भिंतीपाशी कडेला ठेवले. मावशीच्या घरात आल्यापासून त्याला ते पहिल्यांदाच सुचलं होतं.

"अब सेक्रेटरी साहब," मिश्राजींनी संधी सोडली नाही, "आप ही का प्रस्ताव है. दीवार पूर्ववत, पंद्रह दिन में."

नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, "उद्याच गवंडी बोलावतो." आईने हे मात्र ऐकलं. तिने फक्त निरांजन मागे घेतलं, आणि तो चौकोन अंधारला.

"थांबा," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी बॅगेतून कोर्टाचा हुकूम काढला. "३०४ मध्ये 'जैसे थे' स्थिती ठेवायची आहे. दावा संपेपर्यंत या फ्लॅटच्या कुठल्याही भिंतीला हात लावता येणार नाही. ही भिंत या फ्लॅटचीसुद्धा आहे. सेक्रेटरींनी गवंडी आणला, तर कोर्टाचा अवमान होईल."

"आनि दिवा?" ऑल्विनने विचारलं.

वकीलबाईंनी चष्मा पुसला. "हुकूम झाला त्या दिवशी दिवा लागत होता का?"

"हो!" जिग्नेशभाई आणि मिश्राजी एका सुरात ओरडले. साक्षीदार म्हणून याहून पक्के कुठे मिळणार!

"मग तोही जैसे थे."

"ऑर्डर मीच आनलीय," ऑल्विन म्हणाला, "मीच कशी मोडू?" एवढं बोलून तो खिडकीशी गेला आणि त्याने आईच्या हातातलं लाटणं घेऊन ओट्यावर नीट ठेवलं, तिला पोचेल असं.

तर सध्या परिस्थिती अशी आहे. दावा चालू आहे. मर्लिन आणि ऑल्विन अजून एकमेकांशी बोलत नाहीत, पण दोघंही आईला फोन करतात आणि ती दोघांच्या बातम्या ट्रेझा आँटींना सांगते. माझ्या ठरावानुसार नोटीस मीच मला बजावली, ती बोर्डावर लावली, आणि 'प्रकरण न्यायप्रविष्ट' असं उत्तरही मीच मला दिलं. लोक आता माझ्याबरोबर लिफ्टमधून येतात. फार हसतात.

मागच्या आठवड्यात आई चार दिवस माझ्या बहिणीकडे विरारला गेली. जाताना लाटणं माझ्या हातात देऊन म्हणाली, "कोर्टाचं काम आहे, चुकवू नकोस. आणि नुसता दिवा लावून पळू नको, दोन शब्द बोल."

दिवेलागणीला मी खिडकी उघडली. पलीकडे गच्च काळोख आणि तीच कोंडलेली हवा. लाटण्याने बटण दाबलं, लांब हॉलमध्ये लाल उजेड पडला. अंगावर काटा आला, तरी डोकं आत घातलं. "आँटी, मी बाळ्या. जेवलो." मग काय बोलावं सुचेना. सुचेना, म्हणून सर्वसाधारण सभेचा वृत्तांत सांगायला घेतला. सोसायटीत पहिल्यांदाच कुणीतरी माझं बोलणं मधे न तोडता ऐकून घेत होतं! मला चेव आला. मी ठराव क्रमांक एक सविस्तर सांगितला, दोन सांगितला, आणि तिसरा सुरू केला, तोच पलीकडचा दिवा पटकन विझला.

लाटणं माझ्या हातात होतं. बटण खाली, म्हणजे चालूच होतं.

वायरमन म्हणाला, कनेक्शन ढिलं असेल. तपासलं तर घट्ट निघालं. आईला फोन करून सांगितलं, तर तिला जराही नवल वाटलं नाही.

"अरे, तिला मेल्यावरही सभेला बसवलंस होय?" आई म्हणाली. "जिवंत होती तेव्हासुद्धा तू बोलायला उभा राहिलास की ती उठून घरी यायची."